वडिलांच्या नावाचा दगड

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळात आमची एक खोली होती. आई आणि मी, दोघीच राहत होतो. आई कापडगिरणीत कामाला जायची, मी प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग शिकवायची. भिंतीपलीकडे तेलुगू विणकरांचं घर होतं. त्यांचा माग दिवसभर खटखटत राहायचा आणि त्यांच्याकडे माणसंही भरपूर. भांडणं, हसणं, पोरांचं रडणं, सगळं भिंतीतून आमच्याकडे यायचं. आमच्या खोलीतून त्यांच्याकडे काही जात असेल असं वाटत नाही. आई मुळातच कमी बोलायची. संध्याकाळी ती भाकरी थापायची, मी वह्या तपासायची. जेवताना ती विचारायची, "मीठ बरोबर हाय का?" मी म्हणायची, "आहे." दिवसाचं बोलणं कधीकधी एवढ्यावरच संपायचं.

वडील तापानं गेले, इतकंच मला लहानपणापासून ठाऊक होतं. तेव्हा मी दीड-दोन वर्षांची होते. ते गेल्यावर मामानं आईला गावाकडून सोलापूरला आणलं, गिरणीत लावलं, आणि आम्ही इथल्याच झालो. गाव करकंबच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. तिथे पुन्हा जाणं झालं नाही. घरात वडिलांचा फोटो नव्हता. त्या काळी कुणाचा असायचा? लहान असताना मी एकदा विचारलं होतं, ते दिसायला कसे होते? आई म्हणाली, "उंच हुता." बस्स. पुढे कितीतरी वर्षं रस्त्यानं एखादा उंच माणूस पाठमोरा जाताना दिसला की मी उगाच बघत राहायची.

बहात्तर साली, दुष्काळ पडला त्या वर्षी, एक दिवस गावाकडून एक माणूस आमचं घर शोधत आला. तिशी-पस्तिशीचा, डोक्याला टोपी, पायांत धुळीनं भरलेल्या चपला. तो गावचा सरपंच होता.

"काकू, वळखलं का मला?" त्यानं आईला विचारलं.

"कुणाचा रं तू?"

त्यानं बापाचं नाव सांगितलं, आळी सांगितली. आईच्या चेहऱ्यावर ओळख उमटली, पण हसू आलं नाही. तो खाली बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "गावानं ठरवलंय काकू. स्वातंत्र्याला पंचवीस वर्सं झाली. फाट्यावर, हमरस्त्याच्या कडंला, काकांच्या नावाचा दगड बसवायचा. हुतात्मा म्हणून. तुमी यायाच पायजे."

मला आधी कळलंच नाही तो कुणाबद्दल बोलतोय. काका म्हणजे कोण?

"कसला हुतात्मा?" आई म्हणाली.

तो जरा गडबडला. "असं काय करताय काकू? बेचाळीसच्या चळवळीत तारा तोडल्या, पोलिसांचा मार खाल्ला, मरण आलं तरी सोबत्यांचा पत्ता सांगितला न्हाय. सगळ्या गावाला ठाऊक हाय की!"

मी आईकडे बघत होते. ती उठली, स्टोव्हला पंप मारला, चहाचं आधण ठेवलं. त्याच्याकडे पाठ करून म्हणाली, "च्या घे अन् जा बाबा. मी येनार न्हाय."

तो गेल्यावर मी दार लावलं आणि विचारलं, "आई, हे काय आहे? तू तर म्हणायचीस तापानं गेले."

"तापानंच गेला," आई म्हणाली. मग बराच वेळ कपबश्या विसळत राहिली. "तुझ्या तापानं गेला."

त्यापुढे ती एक शब्द बोलली नाही. मी विचारून बघितलं, रागावून बघितलं, एकदा तर रडले. ती आपली कामावर जात राहिली. आठवडाभर आम्ही दोघी त्या एका खोलीत एकमेकींना वळसा घालून वावरलो.

दगड बसवायच्या दिवशी मी एकटीच गेले. एसटीतून बाहेर बघवत नव्हतं. रानंच्या रानं उघडी पडली होती, नुसती करपलेली काळी जमीन. रस्त्याच्या कडेला जागोजागी दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसली होती, बायकांनी तोंडाला फडकी बांधली होती. कंडक्टरला मी फाट्याचं नाव सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तिथं काय हाय ताई? उतरून पुढं चालावं लागंल." मी म्हटलं, तिथेच काम आहे.

फाट्यावर दोन बाभळी होत्या आणि पत्र्याची चहाची टपरी. गावाकडे जाणारा कच्चा रस्ता जिथे डांबरी रस्त्याला मिळतो, तिथे चौथरा बांधून काळा दगड उभा केला होता, माणसाच्या छातीइतका उंच. त्यावर पांढरं कापड टाकलं होतं. शाळेची पोरं रांगेत उभी होती. खडी फोडणारी माणसंही काम थांबवून आली होती आणि डोक्यावर पदर, उपरणं घेऊन उन्हात बसली होती. मला खुर्ची दिली. कुणी म्हणालं, "हुतात्म्याची लेक," आणि बायका माझ्याकडे वळून वळून बघायला लागल्या. एका म्हातारीनं माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांनी कापड ओढलं. दगडावर वडिलांचं नाव कोरलं होतं, खाली गावाचं नाव, आणि त्यांनी देशासाठी प्राण वेचले अशी एक ओळ. अक्षरांत पांढरा रंग भरला होता, तो नीट वाळला नव्हता. भाषणं झाली. वडिलांचं नाव लाउडस्पीकरवरून कितीतरी वेळा ऐकलं. आमच्या घरात ते नाव कधी कुणी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. माझ्या नावापुढे शाळेत लिहायला म्हणून तेवढं ते होतं. आपल्याला भरून यायला हवं, असं मला वाटत होतं. पण खरं सांगायचं तर काहीच होत नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या तरी घरच्या कार्याला चुकून येऊन बसावं, तशी मी त्या खुर्चीत बसले होते. आई घरी काय करत असेल, हाच विचार डोक्यात होता.

माणसं पांगली. सरपंच जेवायला गावात चला म्हणाला. मी म्हटलं, चारची एसटी गाठायची आहे. तो आग्रह करून थकला आणि गेला. मी टपरीच्या सावलीत थांबले. तेव्हा एक म्हातारा काठी टेकत आला. कार्यक्रमात तो अगदी मागे, बाभळीखाली बसलेला मी पाहिला होता. तो माझ्यासमोर उभा राहिला.

"वैनी न्हाय आल्या?"

"नाही," मी म्हटलं.

"न्हायच येनार." तो टपरीच्या बाकड्यावर टेकला. "पोरी, तुला म्हायती हाय का, तुझ्या बानं एक बी तार तोडलेली न्हाय?"

मी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"तारा आमी तोडल्या. आमी तिघं. तेतले दोघं गेले, मी ऱ्हायलो. दिस उजाडाय आला तवा पोलिसांस्नी चाहूल लागली. आमी पळत सुटलो ते हितनं, ह्याच फाट्यावरनं. अन् समोरनं तुझा बा येत हुता. करकंबाहून. वैद्याला झोपेतनं उठवून औषध घेऊन निगालेला. तू आजारी हुतीस. तापानं डोळं फिरवलं हुतंस म्हणं." त्यानं काठीनं रस्त्यापलीकडे दाखवलं. "आमी त्या तिकडल्या वड्यात शिरलो. त्येनं बघितलं. माझ्याशी नजरानजर झाली त्येची. अन् मागनं पोलीस आले."

"मग?"

"इचारलं त्येला, कुटं गेली रं ती? त्यो म्हणला, म्या कुणाला बघितलं न्हाय. आमी वड्यात पडून ऐकत हुतो, लई लांब न्हाय हे. मारलं त्येला. बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. परत इचारलं, परत त्यो म्हणला, बघितलं न्हाय." म्हाताऱ्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "बोट जरी वर केलं असतं, तर सुटला असता. आमचा त्यो कोण लागत हुता? एका गावचा, एवढंच. चळवळीत बी नव्हता."

टपरीवाला चहा घेऊन आला. आम्ही दोघांनीही तो घेतला नाही.

मी विचारलं, "मग हे असं का सांगतात? तारा तोडल्या म्हणून?"

"खरं काय ते म्या सांगितलं. दोन-चारदा सांगितलं. पर औषध आणाय गेलेल्या मानसाचा दगड कोण बसीवतंय पोरी? लोकांस्नी तारांची गोष्ट पायजे असती. दगुड बसावा म्हणून लई वर्सं मीच मागं लागलो हुतो. मग म्हणलं, असूं द्या. नाव तरी लागंल."

माझी एसटी आली. मी त्याच्या पाया पडले. तो म्हणाला, "वैनीस्नी सांग, म्या इचारलं हुतं," आणि मग घाईघाईनं, "न्हाय, नको. नको सांगू."

पण मी सांगितलं. त्याच संध्याकाळी, हातपाय धुतल्याबरोबर. आई तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगेपर्यंत तिनं ताटावरून मान वर केली नाही.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "त्येनंच सांगितलं. गाडीत घालून घरी आणला तवा शुद्ध हुती. म्हणला, मला दिसली हुती गं ती तिघं, वड्यात गेली. म्या म्हणलं, मग सांगितलं का न्हाय? तर म्हणला, कसं सांगू?"

तिनं ताट बाजूला सारलं.

"कसं सांगू म्हणं! त्या तिघांची बायकापोरं त्येला दिसली. घरात म्या हाय, पोरगी तापानं फणफणलीया, ते न्हाय दिसलं? एक बोट वर करायचं हुतं. जगला असता. त्या तिघांस्नी चार-सहा म्हैने आत टाकलं असतं, सुटून आले असते. आत गेलेले सगळेच आले की सुटून! सगळ्यांची घरं झाली, सुना आल्या. अन् मी हितं, गिरणीत धागं जोडत बसली. कुणाशी बोलावं? त्येला वाईट म्हणायची सोय न्हाय. सारं गाव पाया पडाय लागलं त्येच्या. मग म्या गाव सोडलं."

एवढं मोठं बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. पलीकडे माग थांबला होता. कदाचित त्यांनाही ऐकू गेलं असेल. मी तिच्याजवळ सरकले, पण तिला हात लावायचं धाडस झालं नाही. आमच्यात तशी सवय नव्हती.

"आणि औषध?" मी विचारलं.

"हुतं की. धोतराच्या सोग्याला गाठ मारून आणलं हुतं. मार खाताना बी गाठ सुटली न्हाय. म्या मधातनं चाटवलं तुला. तिकडं त्येचा जीव जात हुता अन् हिकडं तुझा ताप उतरत हुता. मी कुणाजवळ बसू?"

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. दसऱ्याच्या सुट्टीत एक दिवस आई आपणहून म्हणाली, "चल, बघून यू." कुठे ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. दोन्ही बाजूंना ज्वारी गुडघाभर वाढली होती. फाट्यावर उतरलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं, टपरीही बंद होती. चौथऱ्यावर कुणीतरी शेणाच्या गोवऱ्या वाळत घातल्या होत्या. आईनं त्या एकेक उचलून शेजारी नीट रचून ठेवल्या. मग ती दगडासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"अजून?"

"एवढंच आहे, आई."

"औषधाचं न्हाय?"

"नाही."

तिनं पदरानं दगडाचा वरचा भाग पुसला. त्यावर काही धूळ नव्हती, दोनच दिवसांपूर्वी पाऊस झाला होता. मग रस्त्यापलीकडे ओढ्याकडे बघून म्हणाली, "हितं मारला व्हय," आणि चौथऱ्याच्या कडेला बसली. मी पलीकडच्या कडेला बसले. आमच्या मध्ये तो दगड होता. गावात जायचं का, असं मी विचारलं. नको म्हणाली. परतीची गाडी येईपर्यंत आम्ही तशाच बसून होतो. मधे एकदा तिनं सांगितलं की त्यांना शेंगदाण्याची चटणी फार आवडायची, भाकरीपेक्षा चटणीच जास्त खायचे. इतक्या वर्षांत वडिलांच्या उंचीनंतर मला कळलेली ही दुसरी गोष्ट. पुढची सांगेल म्हणून मी गाडी येईपर्यंत वाट बघितली.

त्यानंतर आई फार वर्षं राहिली नाही. छातीत कफ धरला, तो सुटलाच नाही. गिरणीत जन्म काढलेल्या बायकांचं असं व्हायचंच. शेवटच्या दिवसांत ती माझ्याकडे बघून दोनदा म्हणाली, "ताप न्हाय ना तुला?" आणि माझ्या कपाळाला हात लावून खात्री करून घेतली.

आई गेली आणि खोली एवढी मोठी झाली की मी वह्या तपासायला शाळेतच थांबायला लागले. शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहायचा, तेव्हा उठायची. माझं लग्नाचं वय निघून गेलं होतं आणि त्याबद्दल आता कुणी काही बोलतही नव्हतं. शेजारची तेलुगू काकू सणाला वाटीभर काहीतरी आणून द्यायची, दारातच उभी राहून विचारायची, "खाल्लं का?" रिकामी वाटी परत द्यायला मी गेले की त्यांच्या घरातली सगळी माणसं माझ्याकडे बघायची आणि एकदम हळू बोलायला लागायची. मला वाटायचं, त्यांनी हळू बोलू नये.

चौथीला मी इतिहास शिकवायची. लढाया, गड, तह. पोरं मान हलवत घोकायची. दरवर्षी स्वातंत्र्याचा धडा आला की माझ्या तोंडापर्यंत यायचं, की बाळांनो, माझ्या वडिलांच्या नावाचा दगड आहे करकंबच्या रस्त्यावर. पण सांगायचं काय? गावानं सांगितलेली गोष्ट सांगितली तर ती खोटी, आणि खरी सांगायला गेले तर त्यात माझाच ताप. मी फळ्यावर प्रश्न लिहायची आणि उत्तरं लिहायला सांगून खिडकीशी जाऊन उभी राहायची.

एक मात्र झालं. रस्त्याच्या कडेचे दगड मला दिसायला लागले. आपल्या भागात ते किती आहेत, याकडे आधी माझं लक्षच नव्हतं. सुट्टीत मी एसटीनं कुठेकुठे जायची, नातेपुत्यापर्यंत, मंगळवेढ्याच्या बाजूला, अक्कलकोटच्या बाजूला, जिथे माणसं अर्धं मराठी अर्धं कानडी बोलतात. गावाच्या वेशीबाहेर वीरगळ उभे असायचे. खालच्या चौकटीत लढणारा माणूस, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या बायका, वरती शिवाची पिंड. कुणी शेंदूर फासलेला, कुणी तेल ओतलेलं, कुठे म्हैस बांधलेली. एका धनगर बाईला मी विचारलं, हा कुणाचा? ती म्हणाली, "आमचाच हाय. म्हातारा म्हणतो आमी त्येला." कधी मेला, कशानं मेला, तिला काही ठाऊक नव्हतं. मेंढरं व्याली की पहिलं दूध त्याला घालतात, एवढं ठाऊक होतं. मी त्या दगडावरच्या माणसाकडे बराच वेळ बघितलं. त्याच्या हातात तलवार कोरलेली होती. खरंच होती का, कुणास ठाऊक. त्याच्या घरी कोण होतं, हे तर कुणीच कोरलं नव्हतं.

दशक सरत आलं होतं. हिवाळ्यातली गोष्ट. शाळेच्या कामासाठी पंढरपूरला गेले होते. काम लवकर आटपलं आणि मी सोलापूरची गाडी सोडून करकंबच्या गाडीत बसले. का, ते सांगता येणार नाही. फाट्यावर उतरले. टपरी आता पक्की झाली होती, पण चहावाला कुठेतरी गेला होता. चौथऱ्यावर एक तरुण बाई बसली होती, मांडीवर लुगड्यात गुंडाळलेलं मूल, शेजारी बाजाराची पिशवी. तिनं सरकून मला जागा दिली.

"मूल आजारी आहे का?" मी विचारलं.

"खोकलाय. करकंबला दाखवाय चाललीय." ती मुलाला थोपटत होती. मग बोलायचं म्हणून बोलली, "कुणाचा हाय वो ह्यो दगुड? तुमास्नी वाचाय येतंय न्हवं?"

"माझ्या वडिलांचा आहे."

तिनं चमकून पाय जवळ घेतले, उठायला लागली. मी तिला हाताला धरून बसवलं. "बसा, बसा. बसायलाच आहे तो."

आणि मग मी तिला सगळं सांगितलं. गावाची गोष्ट नाही, म्हाताऱ्याची नाही, आईची नाही, आणि म्हटलं तर तिन्ही. पहाटे वैद्याला उठवायला गेलेला उंच माणूस, धोतराच्या सोग्याची गाठ, ओढ्यात लपलेली तिघं, त्यानं वर न केलेलं बोट. आणि घरी बसलेली त्याची बायको, ती पुढे आयुष्यभर त्याच्यावर रुसून राहिली, हेही सांगितलं; ती आजारी पोरगी मीच, एवढं मात्र सांगितलं नाही. माझं वय तेव्हा चाळिशीकडे झुकलं होतं, आणि ही गोष्ट मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते.

ती ऐकत होती. दगडाकडे तिनं पाहिलंच नाही.

"अन् पोरगी?" तिनं विचारलं. "पोरगी जगली का?"

"जगली," मी म्हटलं.

तिला बरं वाटलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं मुलाच्या अंगावरचं लुगडं नीट केलं. इतक्यात करकंबची गाडी आली, मी तिची पिशवी वर चढवून दिली. खिडकीतून तिनं हात केला. गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूला गेले, कारण परतीची गाडी तिकडून मिळते, आणि उभी राहिले. गाडी यायला बराच वेळ लागला.